जन्मापासून

श्वास घ्या. रोखा. हलू नका.

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. मी एक जुना एक्स-रे आहे. टेबलावर ठेवलंत तर नुसता काळपट तुकडा. उजेडासमोर धरलंत, तर माझ्यात एका माणसाची कंबर दिसते.

तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत हमाल होता. कपाटं, फ्रीज जिन्यावरून चढवायचा, उतरवायचा. सोबती त्याला गमत्या म्हणत. त्या सकाळी लोखंडी कपाट उतरवताना पट्टा सुटला. खालच्या पायरीवर त्याचा जोडीदार होता. तो ओरडला, "सोडू नकोस, मी खाली आहे." गमत्यानं सोडलं नाही. कपाट वाचलं, जोडीदार वाचला.

दुपारी तो वाकलेलाच दवाखान्यात आला. तिथे माझा जन्म झाला. डॉक्टरांनी मला खिडकीकडे धरलं आणि विचारलं, "पाठ कधीपासून दुखते?"

दारात बायको रडवेली उभी होती. तिला हसवायचं म्हणून तो बोलला, "जन्मापासून, डॉक्टर. आईनं उभं केलं तेव्हापासूनच."

ती हसली. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते.

मित्रांनो, तुम्ही आता श्वास सोडा.

मग माझे मानाचे दिवस आले. बायको मला पाकिटात घालून छातीशी धरून नेई. "हाच आपला पुरावा," म्हणायची. भरपाईचा दावा मंजूर झाला, तर कंपनी ऑपरेशन करून देणार होती. तो पुन्हा ताठ उभा राहणार होता, लेकीला खांद्यावर घेणार होता. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच जोरावर होणार.

सुनावणीत मला उजेडाच्या पेटीवर लावलं.

श्वास रोखा.

अधिकारी म्हणाले, "दुखणं आहे, हे मान्य. ते कामामुळे झालं, हे दाखवा."

कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "मणक्यांमधली ही फट अरुंद झाली आहे. वयानं होते."

हमालाच्या बाजूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयानं थोडी झाली असेलही. पण आदल्या दिवशीपर्यंत हा माणूस कपाटं उचलत होता."

जोडीदाराला विचारलं, "पाठ तेव्हाच गेली, हे तुम्ही पाहिलंत?"

"पाठ कशी दिसणार, साहेब? मला कपाट दिसत होतं."

तो खरं तेच बोलला. मग कंपनीच्या वकिलानं दवाखान्यातला कागद काढून वाचला. "दुखणं जन्मापासून. रुग्णाचेच शब्द."

"ती गंमत होती, साहेब," गमत्या म्हणाला.

"दवाखान्यात गंमत?"

"मी सगळीकडेच करतो."

या वेळी कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला ओरडून सांगायचं होतं, पण काय सांगणार? माझ्या कोपऱ्यात माझी तारीख होती. दुखण्याची तारीख माझ्यात कुठेच नव्हती.

दावा फेटाळला गेला. घरी येताना बायको म्हणाली, "सोडून द्या आता." त्यानंतर त्याची गंमत कोणी ऐकली नाही.

मी कपाटामागे गेलो. धूळ खाल्ली, कडा वळल्या. एकदा लेकीनं मला ओढून काढलं आणि खिडकीच्या काचेला लावलं. "बाबा, तुमच्या पाठीत जिना आहे." ती दोन बोटांनी मणक्यामणक्यावरून उतरत गेली आणि थबकली. "ही पायरी दबली आहे. कधी दबली?"

तो भिंतीला धरून उभा होता.

"कपाट उतरवताना," तो म्हणाला. "त्या सकाळी. त्याच्या आधी नाही."

हे लिहून घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

मित्रांनो, मी हाडं दाखवतो. ती कधी आणि कशानं दुखावली, हे माणसालाच विचारावं लागतं. म्हणून एवढंच मागणं. कुणी वाकलेला माणूस हसून उत्तर देईल, तेव्हा लिहिण्याआधी मान वर करा. त्याच्याकडे बघा. पुन्हा एकदा विचारा.

त्या दुपारी त्यानं रोखलेला श्वास अजून माझ्यातच आहे. मला कोणी 'सोडा' म्हणालंच नाही.