माझ्या विषाला जागा मिळाली नाही

मी एक जुना मण्यार आहे. घाबरू नका मित्रांनो, जिवंत नाही. तैपेईच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत वेटोळं करून बसलो आहे.

भातशेतात वाढलो, तिथंच पकडला गेलो. डॉक्टर बी-युन बाई माझं विष काढत. नसेचा निरोप ज्या दारांतून स्नायूत शिरतो, ती दारं माझं विष घट्ट धरून बसतं. मग माणूस शुद्धीवर असतो, पण पापणी उचलत नाही, शेवटी श्वासही चालत नाही. त्याच विषानं बाई ती दारं मोजायला शिकल्या. लांबलांबून माणसं मला बघायला येत. काय मान होता माझा! पुढे मी मेलो, बरणीवर धूळ बसली. विष मात्र बर्फात जागंच राहिलं. आपण मेल्यावरही आपलं काहीतरी काम करत राहतं, याची मला अजून भीती वाटते.

बाईंची धाकटी बहीण आ-लान. केस विंचरतानाच तिचा हात गळून पडे, संध्याकाळी पापण्या मिटत. एकदा ती इथं आली होती.

"आई म्हणते, भुतं मोकळी सुटतात त्या महिन्यात मागून हाक आली आणि मी वळले, म्हणून काहीतरी लागलंय. नाहीतर सोंग करते. ताई, मी खरंच आळशी आहे का गं?"

"गप्प बस, दमशील," बाई म्हणाल्या.

बाईंनी तिच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा काढला. किरणांची खूण लावलेलं माझं विष त्यावर सोडलं. निरोगी स्नायूला विष चिकटतं आणि किरण मोजणारं यंत्र नुसतं कडकडतं. आ-लानच्या तुकड्यावर ते जवळजवळ गप्पच राहिलं. माझ्या विषाला धरायला दारंच उरली नव्हती. मी जन्माचा विषारी, पण त्या शांततेला मीही भ्यालो.

त्याच दिवशी, निकाल घरी कळायच्या आत, आईनं भुतांची माफी मागायची म्हणून आ-लानकडूनच सगळा नैवेद्य रांधून घेतला. रांधता रांधता तिचा श्वास अडला. इस्पितळात श्वासाचं यंत्र लावावं लागलं.

तपासणीत सापाचं विष आहे, एवढंच आईच्या कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती थेट माझ्यापुढे येऊन हात जोडून उभी राहिली. "सापदेवा, माझ्या पोरीला सोड रे!"

"आई, साप नाही तिच्यात," बाई म्हणाल्या. "तिच्याच रक्तानं तिच्या स्नायूंची दारं मोडलीत. आजार आहे. औषध सुरू केलंय."

"म्हणजे सोंग नव्हतं?"

"नव्हतं."

"तिला आता ऐकू येतं का गं?"

"सगळं ऐकू येतं. बोलता येत नाही, एवढंच."

आईनं जोडलेले हात खाली घेतले. "अगं बाई! मला वाटलं बेशुद्ध आहे. रात्रभर उशाशी बसून मी तिलाच शिव्या घातल्या. असली पोर जन्मालाच का आली, म्हणाले."

आ-लान वाचली. इथं मेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी फुलं-फळं ठेवतात, त्या दिवशी ती येते. माझी बरणी पुसते. आई दाराबाहेरच थांबते, आत पाऊल टाकत नाही.

मित्रांनो, कुणी दमलो म्हणालं तर त्याला आधी बसू द्या. खरं-खोटं मागाहून बघा. बोललेलं परत घेता येत नाही.

यंदा बरणी पुसताना आ-लान माझ्याशी हळूच बोलली.

"त्या रात्रीचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. आईला मात्र सांगितलंय, मला गाढ झोप लागली होती."