सगुणाबाईचं मत

“कपबशी तीनशे सतरा, छत्री तीनशे सतरा. दोघींना समान मतं,” सेलूच्या तहसीलात साहेबांनी वाचून दाखवलं आणि सगुणाबाईनं पदर तोंडाशी नेला.

शेजारी तिचा नवरा सिताराम खुशीत टोपी सारखी करत होता. पिठाची गिरणी चालवणारी आपली बायको सरपंचकीला गावातल्या बड्या दिनकररावांच्या सुनेच्या बरोबरीत येते, ही काय चेष्टा आहे! तेवढ्यात सगुणाबाईनं त्याची बाही ओढली.

“अवो, एक सांगू का? चिडू नगा.”

“सांग की.”

“म्या छत्रीला मत दिलं.”

कपबशी ही सगुणाबाईची निशाणी. छत्री दिनकररावांच्या सुनेची, मंजुषाची. सितारामचा आ वासला तो वासलाच.

“येडी हाईस का तू? सवताला सोडून तिला?”

“मंग काय करू? पंगतीत वाढणाऱ्या बाईनं आधी आपल्याच ताटात वाढून घ्यावं का? लय लाज वाटली मला. म्हनलं, गाव देतंयच की.”

गावानं दिलंही होतं, भरभरून. वरच्या गल्लीत नळ नव्हता. पाइप मारुतीच्या पारापर्यंत येऊन जो थांबला, तो बारा वर्षं तिथंच. बायका खालच्या हातपंपावरून तीन-तीन खेपा करायच्या आणि दळणाला आल्या की गिरणीच्या ओट्यावर कंबर धरून बसायच्या. जागा बायकांसाठी सुटली तेव्हा त्यांनीच सगुणाबाईला उभं केलं. महिनाभर तिनं पीठ बांधून देता देता एकच प्रचार केला, “नळ आनते, बाई.” आणि हातातोंडाशी आलेला नळ स्वतःच्याच बोटानं घालवून बसली. तिला रडू यायला लागलं.

मग ईश्वरचिठ्ठी काढायचं ठरलं. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या पडल्या, तहसीलातल्या म्हाताऱ्या शिपायानं डोळे मिटून एक उचलली. निघाली छत्री.

दुपारी गावात हलगी वाजली, गुलाल उधळला. मिरवणूक गिरणीपाशी आली तशी मंजुषा जीपमधून खाली उतरली आणि सगुणाबाईच्या पाया पडली. पोरगी गुणाची होती, ते सगुणाबाईला आधीपासून माहीत होतं.

“काकू, राग धरू नका. चिठ्ठीनं निवडून आले मी.”

“चिठ्ठीनं न्हाई, माय. माज्या मतानं,” असं म्हणून सगुणाबाईनं छत्रीच्या बटनाची सगळी हकिकत तिला सांगून टाकली. सितारामनं कपाळाला हात लावला.

मंजुषा आधी हसली. मग तिनं मनातल्या मनात हिशेब केला. “म्हंजे तुमी कपबशी दाबली असती तर...”

“तर मी दोन मतांनी आले असते.”

“आन मी तर माझंच बटन दाबलं, काकू. तेबी दोनदा बघून.”

“बरं केलंस. पन आता नळ तू आनायचा. मी मागत न्हाई, दिलेलं मत वसूल करायलेय.”

मंजुषानं ताटातला गुलाल उचलून तिच्या कपाळाला लावला. पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या चेहऱ्यावर तो असा काही उठून दिसला की मिरवणुकीतले लोकही हसले. सगुणाबाईसुद्धा हसली आणि आत गेली. आत सात डबे खोळंबले होते.

मंजुषा शब्दाला जागली. पंचायत समितीत तिनं इतके हेलपाटे घातले, की तिला येताना पाहून तिथले बाबू आपणच फाइल काढून ठेवू लागले. पाडव्याच्या आदल्या दिवशी वरच्या गल्लीत तोटी बसली. सगळी गल्ली गोळा झाली. मंजुषानं तोटी सोडली, पाण्याची धार लागली, आणि बायकांची नेहमीची गंमत सुरू झाली.

“आधी तू भर.”

“न्हाई बाई, आधी तू.”

पाणी आपलं मातीत चाललेलं. सगुणाबाईनं पदर खोचला, बायकांतून वाट काढली आणि आपली पितळी घागर नळाखाली ठेवली.

“का गं,” सिताराम गिरणीच्या दारातून ओरडला, “आज लाज न्हाई वाटत व्हय?”

“न्हाई वाटत,” ती म्हणाली, आणि घागर काठोकाठ भरेपर्यंत तिथून हलली नाही.