माझ्या पायाखालचा बर्फ

मी एक जुना गोलपोस्ट आहे. दोन उभे लाल खांब, डोक्यावर एक आडवा आणि पाठीला पांढरी जाळी, एवढाच माझा संसार. फिनलंडमधल्या किविसाल्मी गावच्या आइस हॉकीच्या मैदानावर, बर्फात मी उभा असतो. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. रबराच्या कडक चकत्या आयुष्यभर अंगावर झेलल्या असत्या, तर तुमचाही बसला नसता.

माझा जन्म सरोवराकाठच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. ज्याने मला जोडले, त्याने रंगाचा दुसरा हात देताना शेजाऱ्याला अभिमानाने सांगितले होते, की हे पोरगे आमच्या हौकी संघाकडे चालले आहे. हौकी म्हणजे आमच्या सरोवरातला दातेरी मासा. त्याच्यावरूनच संघाचे नाव पडले. त्या काळी या माशाला खरोखरच दात होते.

सगळ्यात तिखट दात म्हणजे गोलरक्षक एस्को. सामना सुरू होण्याआधी तो माझ्या दोन्ही खांबांवर काठी वाजवायचा, आडव्या खांबाला थोपटायचा आणि हळूच म्हणायचा, "सांभाळ रे म्हाताऱ्या." मी तेव्हा कोरा करकरीत होतो, तरी ते ऐकून मला बरे वाटे. चकती माझ्यावर आपटून बाहेर गेली की सारे स्टेडियम माझे कौतुक करी. एकदा तर वर्तमानपत्रात आम्हा दोघांचा फोटो आला होता.

पण एस्कोची एक गोष्ट फोटोत आली नाही. माझे पाय खुंट्यांवर असतात आणि त्या खुंट्या बर्फातल्या भोकांत बसवतात. मी जागेवरून सरकलो की पंच शिट्टी वाजवतो, खेळ थांबतो आणि त्यानंतर गेलेला गोल धरत नाहीत. समोर गर्दी झाली आणि निभाव लागेनासा झाला की एस्कोची टाच मला हलकेच ढकलायची. मी सरकायचो. पंच एस्कोकडे बघायचा आणि एस्को माझ्याकडे, जणू मीच पाय घसरून पडलो. थोपटणारा हात आणि ढकलणारी टाच एकाच माणसाची. तेव्हापासून माझ्या मनात संशय शिरला, तो आजतागायत निघालेला नाही.

पुढे एस्कोचे गुडघे गेले आणि तो गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला. संघही उताराला लागला. मागच्या मोसमात आम्ही तळाला होतो. मग उन्हाळ्यात मॅनेजर कार्लोने जाहीर केले, की आता संघाची नवी बांधणी करणार. 'नवी बांधणी' हे शब्द मी याआधीही ऐकले आहेत. त्यांचा अर्थ इतकाच, की ओळखीचे चेहरे जातात आणि लोकांना धीर धरायला सांगतात. बर्फ वितळवला, मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरला आणि कुणीतरी धुतलेल्या सतरंज्या माझ्यावर वाळत घातल्या. नवी बांधणी संघाची, आणि माझी झाली वलण. माझी चौकशी कुणीही केली नाही.

शरद ऋतूत पुन्हा बर्फ घातला आणि नवा संघ आला. सगळी कोवळी पोरे. नीलो नावाचा आघाडीचा खेळाडू चकती मारायचा जोरात, पण जाळीत नव्हे, माझ्यावर. याचे माझ्याशी काही जुने वैर आहे की काय, अशी मला शंका आली. माझ्या मागे काचेपलीकडे वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसणारी आउने आजी थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाली, "हौकी कुठली ही? तळायचे बारके मासे आहेत."

पण मला खरी धास्ती होती ती नव्या गोलरक्षकाची, इल्मरीची. तो मला थोपटत नसे. माझ्याशी बोलत नसे. मात्र रोज सरावाआधी मला उचलून बाजूला ठेवी आणि माझ्या पायांच्या भोकांत काहीतरी उकरत बसे. माझे पाय मला दिसत नाहीत. मी मनात म्हटले, एस्को निदान वेळ आल्यावर ढकलायचा, हा तर आधीपासूनच मला खिळखिळा करून ठेवतोय. त्यात एस्को त्याला शिकवत होता, "पोरा, टाच इथे टेकव. गर्दी झाली की हलकेच. आणि पंचाकडे बघायचं नाही." इल्मरीने नुसती मान हलवली. माझी खात्रीच पटली.

पहिल्या सामन्याआधी कार्लो माझ्या खांबाला रेलून इल्मरीला म्हणाला, "चेक देशातल्या एका गोलरक्षकाशी माझं बोलणं झालंय. आज जिंकलास तर जागा तुझी. हरलास तर शनिवारी तो उभा राहील."

त्या संध्याकाळी नीलोचा पलीकडच्या गोलपोस्टाच्या खांबावरचा नेम चुकला आणि गोल झाला. आम्ही एकाने पुढे होतो. सामना संपत आला आणि माझ्यासमोर एकच झुंबड उडाली. बाकावरून एस्को ओरडला, "टाच!" इल्मरीची टाच माझ्या खांबाला लागली. तो स्पर्श माझ्या चांगल्या ओळखीचा होता, म्हणून मी ढकलण्याची वाट बघत राहिलो. पण टाच मागे गेली. तेवढ्यात समोरच्या संघातला एक धिप्पाड गडी माझ्यावर येऊन कोसळला. पूर्वी एवढ्या धक्क्याने मी कुठच्या कुठे गेलो असतो. मी तसूभरही हललो नाही. चकती इल्मरीच्या कोपराखालून जाळीत गेली आणि गोल धरला गेला. जादा वेळेत आम्ही हरलो.

लोक पांगल्यावर कार्लो बुटांनिशी बर्फावर आला. "एक टाच मारायची होती. गोल बाद, सामना आपला, जागा तुझी. तेवढंही जमलं नाही तुला?"

इल्मरीने मुखवटा काढला. "जमलं असतं. पण मग मला चकती अडवता येते की नाही, ते तुला कधी कळणार? नवी बांधणी करतोयस ना? मग पाया कच्चा आहे का पक्का, ते तरी बघून घे."

"आणि कच्चा निघाला तर?"

"तर बोलव त्या चेकला."

कार्लोने रागाने मला लाथ घातली. मी हललो नाही. त्याने पुन्हा घातली आणि एस्कोला विचारले, की तुझ्या वेळी वाऱ्यानेही सरकणारा हा गोलपोस्ट आज असा कसा रुतून बसलाय.

एस्को बाकावरून येऊन माझ्या पायाशी वाकला. मग म्हणाला, "माझ्या वेळी मीच भोकांत बर्फाचा भुगा भरून ठेवायचो. खुंट्या अर्ध्याच बसायच्या. हा पोरगा रोज साचलेला भुगा उकरून काढतो."

ते ऐकून मला फार शरम वाटली. ज्याने मला थोपटले, त्याने मला डगमगते ठेवले होते. आणि ज्याच्यावर मी रोज संशय घेतला, त्याने मला माझ्या पायांवर नीट उभे केले होते.

काचेपलीकडे अजून बसून असलेल्या आउने आजीने थर्मासचे झाकण घट्ट केले. "कार्लो, त्या चेकला आणायचं तर माझी खुर्ची देऊन टाक कुणाला. हरताना तुम्हाला पुष्कळ बघितलंय, अजूनही बघेन. पण ती टाच आता पुरे."

कार्लो जायला वळला. "शनिवारी हाच उभा राहील," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

मित्रांनो, या मोसमात आमचा संघ वर चढेल, असे मी म्हणणार नाही. कार्लोचे 'पुढचं पुढे' मला अजून खटकते, आणि नीलोचा नेम अजूनही माझ्यावरच आहे. मात्र आता आम्ही हरलो, तर खरे हरलेले असू आणि जिंकलो तर खरे जिंकलेले. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, की आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना वरवर थोपटून पुढे जाऊ नका. कधीतरी खाली वाकून त्यांच्या पायाखाली काय साचले आहे, ते बघा आणि काढून टाका.

शनिवारी सामन्याआधी इल्मरी आला. त्याने गुडघे टेकून दोन्ही भोके साफ केली, मला जागेवर बसवले आणि पाठ करून उभा राहिला. त्याने मला थोपटले नाही. मला थोपटायची आता गरजही नव्हती.