बारीक आवाज

शालिग्रामने बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी भुकटी फडक्याने पुसली आणि रेडिओची तार घट्ट आवळली.

"मधातच बंद नाही न पडनार?" मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारले.

"माय, हिशेब केला ना म्या. चार व्हॉल्व्ह. एकाच्या आतली तापनारी तार अँपिअरचा दहावा हिस्सा खाते. त्या हिशेबानं भरली बॅटरी पन्नास तास चालते. आपन तं रोज संध्याकाळी बातम्याच ऐकून राह्यलो. अजून अर्धी असन."

अमरावतीला कॉलेजात शिकणाऱ्या शालिग्रामचा आकडेमोडीत हात धरणारा पिंपळगाव राजात कोणी नव्हता. सुट्टीला येताना खामगावाहून बॅटरी भरून आणली, तेव्हापासून त्याने बातम्यांखेरीज कोणालाही रेडिओ लावू दिला नव्हता. हे सगळे बहिणीसाठी, कौशल्यासाठी. जुळलेली सोयरीक मोडून ती नागपूरला गाणे शिकायला गेली, आणि वडिलांनी, उत्तमरावांनी, या घरात पोरीचे नाव काढायचे नाही, असे बजावले. ती रेडिओच्या नव्या नागपूर केंद्रावर गाणार हे गावभर झाले होते. दिवस मात्र तिने आईलाच कळवला होता, आणि मायलेकांनी तो उत्तमरावांना सांगितला नव्हता.

एरवी कापूस वेचणीच्या दिवसांत उत्तमराव घरी सापडायचे नाहीत. यंदा गुडघा धरला म्हणून सगळे शेतात गेले तरी ते दुपारभर घरीच पडून असत. आजही ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. मनकर्णाबाईंनी दार लोटले.

रेडिओ बोलू लागला.

"आता गात आहेत कौशल्या उत्तमराव पाटील."

पोरीने लावलेले बापाचे नाव ऐकून मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला. तंबोरा लागला, पहिला सूर आला. मग तो बारीक बारीक होत विझून गेला.

शालिग्रामने तारा दाबल्या, बटण पिळले. काही नाही.

"असं होऊच शकत नाही!"

"तुहा हिशेब!" मनकर्णाबाई एवढेच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

दार उघडले. उत्तमराव चौकट धरून उभे होते.

"तिचंच होतं?"

मनकर्णाबाईंनी डोळे पुसत होकार दिला.

"मी रोज दुपारी लावत होतो. दिवस कोनता, ते ठाव नव्हतं." ते खाली बसले. "पन आवाज बारीकच ठेवत होतो. बॅटरी खर्चू नये म्हनून."

आवाज बारीक असो की मोठा, व्हॉल्व्हची तार तेवढीच जळते. शालिग्रामच्या ते अगदी ओठांवर आले होते. एका शब्दाने दिवस सांगितला असता तर, या विचाराने त्याचा जीव हळहळला.

"बॅटरीच जुनी होती, बाबा," तो म्हणाला.

उत्तमरावांनी मान हलवली. मग हात लांबवून बंद रेडिओचे बटण, सवयीने, बारीककडे फिरवून ठेवले.