ओल कुणाची?

चार वर्षं लाँड्रीवाली त्या तळमजल्यावरच्या खोलीत राहिली, पण भाड्याला एक दिवस उशीर होऊ दिला नाही. दुसरीकडे मोठी खोली मिळाली तेव्हा तिनं भिंतीतले खिळे काढले, भोकं बुजवली, फरशी लख्ख पुसली आणि नवऱ्याला घेऊन वर मालकाकडे डिपॉझिट मागायला गेली.

"कसलं डिपॉझिट?" मालक म्हणाला. "मागच्या भिंतीचे पोपडे पाहिलेस? घरात ओले कपडे वाळवलेस, म्हणून ओल आली. पैसे त्या भिंतीच्या दुरुस्तीला."

"कपडे मी दुकानात वाळवते, काका. ओल तुमच्या बाथरूमची आहे."

"मग दाखव सिद्ध करून!"

जिना उतरताना नवरा कुजबुजला, "जाऊ दे गं. मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतेस?"

"मोठे कसले? एक मजला तर वर राहतात!" ती तडकली. खोलीची किल्ली तिनं दिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मालक फिरायला बाहेर पडल्यावर ती पुन्हा वर गेली. विटलेल्या पँटी रंगवायला दुकानात ठेवलेली निळ्या रंगाची पुडी तिच्या हातात होती. दार मालकीणबाईंनी उघडलं.

"काकू, ही तुमच्या बाथरूममध्ये ओतायची आहे. पाणी कुठून पाझरतंय ते दिसेल."

मालकीणबाईंनी पदर खोचला. "फरशी फुटलीय म्हणून दोन वर्षं ह्यांच्या कानीकपाळी ओरडतेय मी. पण खिशात हात घालायचा म्हटलं की ह्यांचा जीव जातो. आण इकडे!" आणि पुडी बादलीत कालवून त्यांनी स्वतःच ओतली. वर आणखी चार बादल्या पाणी.

दोन दिवसांनी मालक एका नवीन जोडप्याला खोली दाखवायला घेऊन आला. किल्ली लाँड्रीवालीकडे, म्हणून तिलाच बोलवावं लागलं. तिनं दार उघडलं. मागच्या भिंतीवर छतापासून निळे ओघळ उतरले होते.

"अगं बाई, हे काय?" नवी नवरी दचकली.

"हिनंच रंग फासलाय!" मालक ओरडला.

"हात लावून बघा. आतून येतोय. तुमच्या बाथरूममधून."

"माझ्या घरात शिरलीस तू?"

"ती नाही, मी ओतलाय," जिन्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला. "अजून पुरावा हवाय का?"

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि काढता पाय घेतला. मालकाचा आवाज एकदम खाली आला. "बरं, निम्मे देतो. मिटवून टाकू."

"निम्मी खोली नव्हती घेतली मी," लाँड्रीवाली म्हणाली. "खिडकीची काच माझ्या पोरीनं फोडली, त्या काचेचे पैसे कापून घ्या. बाकीचे सगळे द्या. तोवर किल्ली मिळणार नाही."

संध्याकाळी मालक स्वतः तिच्या दुकानात पाकीट घेऊन आला. मान वर न करता त्यानं ते इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि हात पसरला. तिनं किल्ली दिली. नवरा म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचे!" पण तिचा राग उतरला नव्हता. आपलेच पैसे मिळवायला एवढा खटाटोप का, हे तिला अजून पटत नव्हतं.

नव्या खोलीचं डिपॉझिट देण्याआधी तिनं नव्या मालकिणीला सोबत घेऊन प्रत्येक भिंत तपासली आणि जे दिसलं ते कागदावर लिहून काढलं.

"एवढा संशय?" मालकिणीनं नाक मुरडलं.

"हो," ती म्हणाली. "इथे सही करा."