आबा जेवले

मी एक जुनं ॲप आहे, मित्रांनो. वय विचाराल तर जेमतेम दोन वर्षं, पण आमच्यात दोन वर्षं म्हणजे म्हातारपणच. धरणगावजवळच्या एका खेड्यात चुडामण आबांच्या फोनमध्ये, हवामानाच्या ॲपशेजारी मी राहतो. शेजाऱ्याला दिवसातून दहादा उघडतात. मला कोणी उघडत नाही.

मला आबांच्या लेकीने, नूतनने केलं. मी तिचं पहिलंच ॲप. जळगावच्या कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. व्हिडिओ थांबवत, मागे नेत ती मला ओळ ओळ लिहायची. कुठे एखादा कंस सुटला की मी उघडायचोच नाही आणि ती कपाळाला हात लावून बसायची. माझं रूप ते काय! पांढरा पडदा, मधोमध एक मोठं बटन, त्यावर लिहिलेलं 'जेवलो'. ते दाबलं की खाली 'नोंद झाली' असं उमटतं आणि नूतनच्या फोनवर निरोप जातो, 'आबा जेवले'. एवढंच मला येतं.

आई सुमनबाई गेल्यापासून घरात आबा एकटेच होते. नूतनला पुण्यात नोकरी लागली. आबा जेवतात की चहावरच दिवस काढतात, हा एकच घोर तिच्या जिवाला होता. त्यासाठी मी.

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. निरोप गेलाच नाही. घाबरून नूतनने फोन केला, तर आबा कळण्याची भाकरी खाऊन निवांत बसलेले.

"मंग बटन काबर नही दाबं?"

"लाल शे ना ते! लाल दाबं का मोटर बंद पडस."

व्हिडिओतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, बटन ठसठशीत हवं. म्हणून नूतनने ते लाल केलं. विहिरीवरच्या स्टार्टरची लाल आणि हिरवी बटनं बघत ती लहानाची मोठी झाली, पण ऐन वेळी विसरली. दुसऱ्या दिवशी माझं बटन हिरवं झालं. मग माझा भाव काय वधारला! शेजारचे सुकदेवभाऊ पारावर सांगत सुटले, "पोरगी हुशार शे बरं!"

सुरुवातीला निरोप पोचला तरी नूतन रोज फोन करायची. मग दिवसाआड. मग आठवड्याने. तिचंही चुकलं म्हणवत नाही. मान वर करायला फुरसत नव्हती, आणि आबा जेवले हे कळलं की तिचं मन शांत व्हायचं. तिचं विचारण्याचं काम मी करू लागलो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते.

बटन दाबल्यावर आबा फोन खाली ठेवत नसत, माझ्याकडे बघत बसत. कपाशीची बोंडं फुटली तेव्हा एकदा म्हणाले, "कापूस फुटना वं नूतन. बठ्ठं वावर पांढरं व्हई गयं."

मी म्हटलं, 'नोंद झाली'. दुसरं काय म्हणणार?

मग आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. गावातल्या लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. नूतनला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी आबांनी चूल पेटवलीच नाही, नुसतं मला दाबलं. मी पुण्याला कळवलं, 'आबा जेवले'. मित्रांनो, मी खोटं बोललो. समोर माणूस उपाशी बसलेला, ते ठाऊक असलेला मी एकटा, आणि सांगायला मला तोंड नाही. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी वरण-भाकरी केली. जेवून, हात धुऊन फोन घेतला. बोट माझ्यावर आलं, थांबलं आणि मागे गेलं. दीड वाजला, दोन वाजले. तेवढ्यात फोन खणाणला.

"आबा! काय झायं? जेवनात का नही?"

"जेवनू ना, पोटभर."

"मंग बटन?"

आबा म्हणाले, "विहिरवर हिरवं दाबं का मोटर चालू व्हस. आठे हिरवं दाबं का तुना फोन बंद पडस."

मग लगेच आबांनीच विचारलं, "आनि तू जेवनी का वं?"

नूतन रडायला लागली. दोन वाजून गेले तरी ती जेवली नव्हती, आणि इतक्या महिन्यांत तिला ते कोणी विचारलंही नव्हतं. माझ्यावर त्या प्रश्नाचं बटनच नव्हतं.

आता रोज दीडला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन येतो. ती तिकडे डबा उघडते, आबा इकडे भाकरी मोडतात. गेल्या दिवाळीत ती मला काढून टाकायला निघाली होती. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं. नही दाबं तव्हय कामले उनं." न दाबल्यावरच मी कामाला आलो, असं त्यांचं म्हणणं.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. उद्या तुम्हीही एखादं ॲप कराल. जरूर करा, ज्याच्यासाठी कराल त्याला रंग विचारून करा. पण 'जेवलात का' हे मात्र आपल्या तोंडाने विचारा. मी कोपऱ्यात एकटा आहे, हे खरं. तरी दीड वाजला की मी कान टवकारतो. तो प्रश्न आधी कोणी विचारायचा, यावरून बापलेकीचं रोज भांडण होतं.