निळ्या बाजूची फुशारकी

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या, मग ऐका. मी एक जुना खोडरबर आहे. अर्धा लाल, अर्धा निळा, पाठीवर कर्कटकानं पाडलेली अकरा भोकं आणि एका कोपऱ्यावर दातांचे ठसे. पोटावर बॉलपेननं लिहिलेली तीन नावं आहेत. त्यांतली दोन खोडलेली आहेत, आणि ती मी खोडलेली नाहीत. माझी सगळी गोष्ट त्या नावांचीच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लांबलचक पट्टीचे तिरके तुकडे पाडून आम्हा भावंडांना वेगळं केलं. तिथं असं ठरलेलं होतं, की लाल बाजू पेन्सिलीसाठी आणि निळी बाजू शाईसाठी. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, देव जाणे! पण मला माझ्या निळ्या बाजूचा फार म्हणजे फारच गर्व होता. पेन्सिल काय, कुणीही खोडतं. शाई खोडणारा म्हणजे आमच्यातला साहेब, अशी माझी समजूत होती.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात काचेच्या बरणीत मी काही महिने काढले. दुकानदार महिपतराव गिऱ्हाइकाकडे न बघताच बोलायचे. एके दिवशी नववीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. त्यानं मला उचललं आणि विचारलं, "काका, यानं शाई जाते का हो?"

महिपतराव म्हणाले, "जाते की. शाई जाते, मागोमाग कागदही जातो. आणखी काही घालवायचं असलं तर सांगा."

त्या मुलानं पहिले दोन शब्दच ऐकले आणि मला खिशात टाकलं. त्याचं नाव धम्मदीप. घरी गेल्यावर त्यानं बॉलपेननं माझ्या पोटावर आपलं नाव कोरून कोरून लिहिलं. अभ्यास सुचेना की तो मला चावायचा. ते दातांचे ठसे त्याचेच.

त्यांचं घर पर्वतीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. वडील बाबुराव स्वारगेटच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता सुटली ते मोठ्या नोंदवहीत लिहायचं आणि कर्ण्यावरून पुकारायचं, हे त्यांचं काम. घरीही ते तसंच बोलायचे. "धम्मदीप बाबुराव यांची आंघोळीची गाडी फलाटावर लागलेली आहे. उशीर केल्यास पाणी थंड होईल, स्थानक जबाबदार नाही." आई प्रेमला स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ड्यूटी संपली आता!"

शाई खोडण्याची धम्मदीपची एक रीत होती. माझ्या निळ्या टोकाला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि जोर लावायचा. ही रीत त्याच्या वर्गात सगळेच वापरायचे आणि सगळ्यांच्याच वह्या चाळणीसारख्या झाल्या होत्या. दहावीच्या बोर्डात बीजगणिताच्या पेपरला त्यानं हेच केलं. पानाला चांगली रुपयाएवढी खिडकी पडली. मागच्या बाजूला एक उदाहरण अगदी बरोबर सोडवलेलं होतं, त्याचं उत्तर त्या खिडकीतून गेलं ते गेलंच.

तीन गुणांनी धम्मदीप नापास झाला. निकालाच्या दिवशी तो मला मुठीत धरून कोपऱ्यात बसला होता. "या रबरामुळे झालं," तो म्हणाला. त्याची आई म्हणाली, "रबर आपणहून चालत गेला होता का तिथं?" मित्रांनो, मला त्या वेळी खरंच वाईट वाटायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, कागदच हलका होता. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

धम्मदीप ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला आणि आयटीआयला गेला. मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, पूर्वाकडे आलो.

पूर्वा हुशार होती, पण तिला स्वच्छ पानाचं भारी वेड. पान स्वच्छ दिसलं की तपासणारे खूश होतात आणि चार गुण जास्त सोडतात, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. पानावर एक काट दिसली तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. त्या वर्षी पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. टिळक रस्त्यावर दर दोन जिन्यांआड एक क्लास निघाला होता. पूर्वाला सरकारी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. तिथं जागा थोड्या आणि रांग मोठी. बाबुरावांनी स्पष्टच सांगितलं होतं, "सरकारी गाडीत जागा मिळाली तर बसायचं. खासगी कॉलेजची गाडी आपल्या मार्गानं जात नाही, बाळा." म्हणजे दहावीचा एकेक गुण तिला हवा होता.

आणि नेमका तेव्हाच मला सवतीचा त्रास सुरू झाला. देशात उदारीकरण आलं आणि दप्तरात व्हाइटनर आला! पूर्वाच्या बाकावरच्या नम्रताकडे ती बाटली होती. इवलासा ब्रश, वर ऐटबाज टोपण. शाईवर एक हात फिरवला की सगळं पांढरंशुभ्र. कंपासपेटीत कोनमापक मला म्हणाला, "काय साहेब, नोकरी गेली का?"

सहामाहीत पूर्वानं बाटलीभर व्हाइटनर ओतला असेल. फुंकर मारली न मारली आणि पान उलटलं. गणिताच्या ढमढेरे बाईंनी पेपर वाटताना तिची उत्तरपत्रिका वर धरली. दोन पानं एकमेकांना अशी चिकटली होती की पट्टी घालूनही सुटेनात.

"पूर्वा, हा पेपर आहे की पुरणपोळी?" बाई म्हणाल्या. "आत काय भरलंयस ते मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याला मी गुण देत नाही."

वर्ग हसला. पूर्वा रडवेली झाली. "बाई, काट मारली की पान घाण दिसतं."

"पान काय दाखवायला न्यायचंय का तुला? मुलींनो, ऐका. चूक झाली की पट्टीनं एक रेघ मारायची. एकच. शेजारी किंवा खाली बरोबर उत्तर लिहायचं आणि पुढे जायचं. गिरवायचं नाही, खरवडायचं नाही, घर सारवल्यासारखं सारवायचं तर मुळीच नाही. चूक प्रत्येकाची होते. तपासणाऱ्यांचीही होते, ते त्यावर एक रेघ मारतात आणि सही करतात."

त्या संध्याकाळी पूर्वानं मला पेटीतून बाहेर काढलं. व्हाइटनर नाही तर खोडरबर, पण रेघ मारायची नाही, असा तिचा हट्ट. मी तर हरखूनच गेलो. जीभ लावून तिनं वहीवर घासायला सुरुवात केली आणि बाबुरावांनी तिचा हात धरला.

"थांबा. गाडी मागे घ्या," ते म्हणाले. "मला सांग, मी नोंदवहीत साताऱ्याच्या जागी सांगली लिहिलं, तर काय करतो?"

"खोडता?"

"खोडलं तर साहेब विचारतील, काय लपवलंत? मी एक रेघ मारतो, वर सातारा लिहितो आणि शेजारी सही करतो. खोडलं की संशय येतो, रेघ मारली की खुलासा होतो. आणि समज, नंतर कळलं की सांगलीच बरोबर होतं, तर? ते वाचता तरी येतं!"

मग त्यांनी काय करावं? मलाच उचललं, पालथं केलं, पट्टी लावून माझ्या पोटावरच्या 'धम्मदीप' या नावावर एक सरळ रेघ मारली. शेजारी 'पूर्वा' असं लिहिलं आणि खाली बारीक सही ठोकली, 'बा.' धम्मदीप ओरडला, "बाबा, मला रद्द केलं का?" बाबुराव म्हणाले, "रद्द नाही रे, पुढच्या गाडीत बसवलंय. नाव वाचता येतंय ना तुझं?"

मला मात्र भयंकर अपमान वाटला. शाई खोडणारा मी, आणि माझ्याच पोटावरचं नाव मला खोडता येऊ नये! रात्रभर पेटीत कर्कटक फिदीफिदी हसत होतं.

मार्च उजाडला. बीजगणिताच्या पेपरला निघताना बाबुरावांनी दारातून पुकारलं, "पर्वती पायथा ते तंत्रनिकेतन, मार्गे बीजगणित, गाडी सुटत आहे." पूर्वाला हसू आलं. पेटीचं झाकण उघडून तिनं बाकावर ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पेपर छान चालला होता. शेवटून दुसरं उदाहरण वयाचं होतं, पाच गुणांचं. वडील आणि मुलगा यांच्या आजच्या वयांची बेरीज बावन्न. दहा वर्षांनंतर वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर आजची वयं काढा. पूर्वानं अर्धं पान लिहून उत्तर काढलं. मुलगा चौदा, वडील अडतीस. मग ताळा करायला गेली. चौदाची दुप्पट अठ्ठावीस, आणि वडील तर अडतीस! घाबरल्यावर माणूस 'दहा वर्षांनंतर' हे शब्द कसे गिळतो पाहा.

अर्ध्या पानाची चूक, तीही बोर्डाच्या पेपरात. तिचा हात माझ्याकडे आला. तिनं मला उचललं, निळं टोक पुढे केलं, ओठांपर्यंत नेलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बोर्डाचा पेपर! शाई! अर्धं पान!

आणि मला फिरवताना तिची नजर माझ्या पोटावर गेली. 'धम्मदीप', त्यावर रेघ, शेजारी 'पूर्वा', खाली 'बा.' तिनं मला खाली ठेवलं, पट्टी घेतली आणि त्या उत्तरावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच रेघ ओढली. मी मनातल्या मनात तिला खूप बोललो.

खाली तिनं उदाहरण नव्यानं सोडवलं. आता मुलाचं वय आलं सतरा पूर्णांक एक तृतीयांश. पट्टीसुद्धा खुदकन हसली. पूर्वानं कपाळाला हात लावला, पण वेळ नव्हता, म्हणून ती पुढच्या उदाहरणाकडे वळली. ते संपतंय तोच शेवटच्या दहा मिनिटांचा टोल पडला. तिनं घाईघाईनं पुरवण्यांना दोरा बांधला आणि प्रश्नपत्रिका शेवटची एकदा वाचली. दहा वर्षांनंतर! चौदात दहा चोवीस, अडतीसात दहा अठ्ठेचाळीस. आधीचंच उत्तर बरोबर होतं!

दोन मिनिटं राहिली होती. अर्धं पान पुन्हा लिहायला दोन मिनिटं पुरत नाहीत. पर्यवेक्षक बाई उत्तरपत्रिका गोळा करायला दोन बाकांवर येऊन उभ्या होत्या. पूर्वानं दुसऱ्या उत्तरावर एक रेघ मारली आणि आधीच्या उत्तराशेजारी लिहिलं, 'हे खोडलेले उत्तर ग्राह्य धरावे.' रेघेखालचं अक्षर न् अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. बाईंनी पेपर उचलला तेव्हा शाई ओली होती.

त्या क्षणी माझी सगळी घमेंड गळून पडली. तिनं मला वापरलं असतं तर ते बरोबर उत्तर माझ्याच निळ्या टोकाखाली भुगा होऊन पडलं असतं, आणि मी खूश होऊन त्यावर लोळलो असतो. धम्मदीपच्या वेळी मी तेच केलं होतं. कागद हलका नव्हता, मित्रांनो. मीच आडदांड होतो. त्या दिवशी मला त्याची फार आठवण आली आणि फार लाज वाटली.

जूनमध्ये निकाल लागला. बोर्डाची उत्तरपत्रिका काही घरी येत नाही, पण बीजगणितात पूर्वाचे फक्त दोन गुण गेले होते. म्हणजे पाच गुणांचं ते उदाहरण धरलं होतं. तंत्रनिकेतनाच्या यादीत तिचं नाव शेवटून चौथं होतं. बाबुरावांनी ती यादी बोट ठेवून तीनदा वाचली आणि कधी नव्हे ते काही पुकारलं नाही, नुसते डोळे पुसले.

पुढे पूर्वा हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. धम्मदीप चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. मी डब्यात पडून दगडासारखा कडक झालो. आता माझ्यानं पेन्सिलीचा ठिपकासुद्धा निघत नाही. लाल बाजू काळी पडली आणि निळीबद्दल तर मी बोलतच नाही.

परवा पूर्वाच्या मुलीला, सृष्टीला, पाचवीत पहिल्यांदा पेन मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं वहीला भोक पाडलं. पूर्वानं मला शोधून काढलं आणि निवृत्त बाबुरावांच्या हातात दिलं. "सही तुमचीच लागेल, बाबा." त्यांनी पट्टी लावून 'पूर्वा'वर एक रेघ मारली, शेजारी 'सृष्टी' लिहिलं आणि खाली 'बा.'

सृष्टीनं मला वहीवर घासून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आजोबा, याचा काही उपयोग नाही. यानं काहीच जात नाही!"

"म्हणूनच दिलाय," बाबुराव म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, परीक्षेत चुकलात तर मला हाक मारू नका, त्या बाटलीलाही मारू नका. पट्टी घ्या, एक रेघ मारा आणि पुढे चला. घाबरलेल्या घडीला आपण काय खोडतोय ते आपल्यालाही ठाऊक नसतं. विश्वास बसत नसेल तर माझं पोट बघा. धम्मदीप, पूर्वा, सृष्टी. तिन्ही नावं अजून वाचता येतात.